मिटलेली कार्नेशन्स: एका पेस्टल परडीचं प्रकरण

रात्री नऊ चाळीसला व्हॉट्सॲपवर फोटो आला आणि खाली एकच ओळ, "ताई, हे असं कसं झालं?" फोटोत माझीच परडी होती, आदल्या दिवशी सकाळी मी स्वतः बसून भरलेली, आणि त्यातली सगळी कार्नेशन्स मिटलेली. सुकलेली नाहीत, काळी पडलेली नाहीत, मानसुद्धा टाकलेली नाही, नुसती मिटलेली. पाकळ्या आत वळून प्रत्येक फुलाची पुरचुंडी झालेली, आजी पदराच्या टोकाला सुट्टे पैसे बांधून ठेवायची ना तशी.

मी कोथरूडमधे घरून फुलांच्या छोट्या ऑर्डरी घेते, बुके, परड्या, कधीतरी बारशाचा पाळणा, त्यामुळे फुलं खराब होणं मला नवीन नाही. पण हे वेगळं होतं आणि ते कळायला मला दोन दिवस लागले, त्यात आधी तीन वेळा मी भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसले. म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतेय, घरून फुलांचं काम करणाऱ्या कुणाला मे महिन्यात हीच वेळ आली तर निदान थेट मुद्द्यावर जाता येईल.

ऑर्डर अशी होती. मुलगा जर्मनीत, आईवडील सहकारनगरला, लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण. मे महिन्याचा दुसरा आठवडा (जुनी लग्नं बघा, निम्मी मेमधली, शाळांना सुट्टी आणि मामाला वेळ). मुलाचं म्हणणं, मोठा बुके नको, आईच्या शोकेसवर जागा नाही, छोटी बास्केट हवी, आणि पेस्टल हवी, ते लाल गुलाब आणि चमचमता कागद तर अजिबात नको. बजेट डिलिव्हरी धरून पंधराशे. सोबत एक फोटो, त्यात हायड्रेंजिया, रॅननक्युलस, स्वीट पी आणि ते कोबीसारखे गच्च पाकळ्यांचे गुलाब. फोटो सुंदरच होता, प्रश्न नाही, पण तो थंड देशातल्या वसंताचा होता आणि माझ्या खिडकीबाहेर एकोणचाळीस डिग्री. रॅननक्युलस आणि स्वीट पी ही गारव्याची फुलं, मेमधे पुण्यात कुठून आणू. हायड्रेंजिया पैसे टाकले तर मिळतो पण त्याला पाणी इतकं लागतं की या उन्हात फोममधे (फुलं टोचायचा, पाणी धरणारा हिरवा स्पंज) टोचला तर संध्याकाळपर्यंत ओल्या रुमालासारखा लोंबतो.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की ही फुलं नाही मिळणार, पण हे रंग मिळतील. ते म्हणाले रंग जपा, बाकी तुमच्यावर सोडतो. चांगला गिऱ्हाईक.

आता पेस्टल म्हणजे नेमकं काय, यावरही थोडं बोलायला हवं, कारण मार्केटमधे हा शब्द चालत नाही, तिथे "लाईट कलर द्या" म्हणावं लागतं. आणि मराठीत फिकट म्हणलं की लोकांना आजारी माणूसच आठवतो, चेहरा फिकट पडला, वरण फिकं झालं, कौतुक म्हणून हा शब्द आपण वापरतच नाही. साडीच्या दुकानात मात्र बरोबर शब्द मिळतात, मोतिया, बदामी, पिस्ता, आकाशी. मी गिऱ्हाइकांशी बोलताना तेच वापरते, पटकन कळतं. माझ्याकडे साठीच्या पुढची माणसं पेस्टल परडी बघून हमखास म्हणतात की छान आहे पण जरा पांढरट वाटतंय, कार्याला भडक हवं. त्यांचंही खरंय, झेंडूच्या तोरणाखाली वाढलेले डोळे आहेत आपले. म्हणून मी पूर्ण फिकट कधीच ठेवत नाही, एखादा गडद ठिपका टाकते, नाहीतर सगळं मिळून खूप धुतलेल्या साडीसारखं दिसतं.

फिकट फुलांची दुसरी भानगड ही की ती काही लपवत नाहीत. लाल गुलाबाच्या पाकळीला बोट लागलं तर कुणाला कळत नाही, पीच गुलाबाला लागलं की संध्याकाळपर्यंत तिथे तपकिरी डाग. पाण्याचा थेंब पाकळीवर राहिला आणि वरून प्लास्टिक गुंडाळलं की करड्या बुरशीचे ठिपके, तेही फिकटवर लगेच दिसतात. त्यामुळे पेस्टल काम करताना मी फुलं देठालाच धरते, आणि माझ्या मदतनीस मुलीला पहिले तीन महिने मी डोक्याला हात लावूच दिला नव्हता (फुलांच्या डोक्याला, माझ्या नाही).

खरेदी पहाटे पाचला, गुलटेकडीला मार्केट यार्डात. वीसच्या बंचमधे फिकट गुलाबी कार्नेशन घेतली, खोक्यावर निलगिरीकडचा पत्ता, आपल्याकडे मेमधे चांगलं कार्नेशन बहुतेक डोंगरावरूनच येतं. पीच डच गुलाब मावळातल्या पॉलीहाऊसचे. फिकट जांभळा लिसिअँथस, मोतिया रंगाची बटण शेवंती, एक जुडी जिप्सो (बारीक पांढऱ्या फुलांचा भरावा), आणि गडद ठिपक्यासाठी जांभळा ॲस्टर. कार्नेशन घेताना मी फुलाखालचा हिरवा पेला दोन बोटांत हलकेच दाबून बघते, कडक लागला तर ताजं, पिचपिचीत लागला तर ठेवून द्यायचं. ही सगळी कडक होती, हे मला पक्कं आठवतंय कारण नंतर मी हाच प्रश्न स्वतःला दहा वेळा विचारला.

घरी येऊन सगळे देठ तिरके कापले, कार्नेशनला दोन पेरांच्या मधे कापायचं, पेरावर कापलं तर पाणी नीट ओढत नाही. मग चार तास बादल्यांमधे, अंधाऱ्या न्हाणीघरात, अर्ध्या देठापर्यंत पाणी.

परडी बुरूड आळीतली, बांबूची, विणलेल्या दांडीची. आतून जाड प्लास्टिक, त्यात फोमची अर्धी वीट. फोमबद्दल एक गोष्ट नवीन लोकांना सांगावीच लागते, तो पाण्यावर नुसता ठेवायचा आणि आपोआप बुडू द्यायचा, मिनिटभरात जातो खाली. हाताने दाबला की बाहेरून ओला आणि मधे कोरडा गोळा राहतो, त्या कोरड्या भागात ज्या देठाचं टोक गेलं तो देठ मेला. अर्धी वीट एक लिटरच्या आसपास पाणी धरते, एवढ्या छोट्या परडीला दोन दिवस आरामात.

भरताना पाच गुलाब, सात कार्नेशन, लिसिअँथसच्या चार फांद्या, शेवंतीच्या तीन, जिप्सो धुक्यासारखा मधेमधे, ॲस्टरची पाच फुलं एकाच बाजूला, आणि राखाडी हिरवा पाला. कार्नेशन सगळ्यात जास्त, कारण त्याची कातरलेली कड पेस्टलमधे फार छान दिसते, शिवाय ते टिकतं, नीट ठेवलं तर आठवडा दीड आठवडा. माझ्या अंदाजाने ही परडीतली सगळ्यात भरवशाची फुलं होती. आणि नेमकी तीच गेली.

अकराला नेहमीच्या पोराबरोबर पाठवली, वर भोकं पाडलेलं खोकं, पंचवीस मिनिटांत पोचली. काकूंनी लगेच फोटो टाकला, टवटवीत. व्हॉइस मेसेजही आला, "अगं किती गोड आहे, नाजूक आहे अगदी." मी खूश होऊन दुसऱ्या ऑर्डरीला लागले.

आणि दुसऱ्या दिवशी रात्री तो मिटलेला फोटो.

मुलगा चिडला नव्हता, आणि ते जास्त त्रासदायक असतं. चिडलेल्या माणसाला पैसे परत देऊन मोकळं होता येतं, शांत माणसाला कारण द्यावं लागतं. त्याने फक्त विचारलं की फुलं शिळी होती का.

पहिला संशय मला मदतनीस मुलीवर आला, लाज वाटते सांगायला पण खरंय. वाटलं तिने फोम दाबून बुडवला असणार. दुसरा संशय व्यापाऱ्यावर, की शीतगृहात आठ दिवस पडलेला माल गळ्यात मारला. त्याला रात्रीच मेसेज टाकला, त्याचं उत्तर "माल एक नंबर होता ताई", जे तो माल दोन नंबर असतानाही म्हणतो. तिसरा संशय डिलिव्हरीच्या पोरावर, वाटेत कुठे चहाला थांबला आणि खोकं उन्हात राहिलं. म्हणजे बघा, तिन्ही वेळा माणसंच दिसली मला.

झोप येईना म्हणून अकरा वाजता फोटो पुन्हा उघडला आणि बोटांनी मोठा करून एकेक फूल बघितलं. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला. शेवंती ठणठणीत. ॲस्टर ठणठणीत. गुलाब थोडे जास्त उमललेले पण मान ताठ. लिसिअँथस जरा मलूल. जिप्सोची फुलं आक्रसून बारीक दाणे झालेली. आणि कार्नेशन सातच्या सात बंद. पाणी कमी पडलं असतं तर आधी गुलाबाने मान टाकली असती, त्याची मान या बाबतीत फार बेभरवशाची असते, तासाभरात झुकते. ऊन लागलं असतं तर सगळ्यांच्या कडा करपल्या असत्या. फोमच्या कोरड्या गोळ्याने एक दोन देठ मेले असते, निवडून सात कार्नेशन नाही, ती तर मी परडीभर पसरून टोचली होती. म्हणजे जे काही झालं ते फुलाची जात बघून झालं होतं.

सकाळी काकूंना फोन केला. म्हणलं काकू, तो हिरवा स्पंज आहे ना, त्याला पाल्याखाली बोटाने जरा दाबून बघता का. त्या म्हणाल्या, "अगं पाणी वर येतंय की, मी सकाळ संध्याकाळ वाटीभर घालतेय तू चिठ्ठीत लिहिलंस तसं." म्हणजे मुलीची काही चूक नव्हती. मी तिला काही बोलले नव्हते तेवढं बरं झालं.

मग म्हणलं जाऊनच बघू.

काकांनी दार उघडलं आणि मी चप्पल काढायच्या आत वास आला. हापूस. नुसता वास नाही, घर भरून. पुतण्याने देवगडहून तीन पेट्या पाठवल्या होत्या पन्नासाव्याच्या निमित्ताने आणि काकूंनी मागच्या खोलीत दिवाणाखाली पेंढा पसरून अढी लावली होती. मी विचारलं परडी कुठे असते, तर हॉलमधे, शोकेसवर, पण हॉल पश्चिमेचा आहे, दुपारनंतर तापतो, म्हणून पहिल्याच दिवशी पाहुणे गेल्यावर काकूंनी फुलांना गरम होऊ नये म्हणून परडी मागच्या गार खोलीत नेऊन ठेवली. दिवाणाला लागून स्टूल, स्टुलावर परडी, खाली आंबे. डास येतात म्हणून खिडकी बंद, वास हॉलमधे नको म्हणून दारही लोटलेलं. रात्रभर तिथेच आणि दुसऱ्या दिवशीही संध्याकाळपर्यंत तिथेच. माझ्यासमोर काकू खाली बसल्या, पेंढा बाजूला केला, एक आंबा नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "एक पिकला की शेजारचे सगळे पिकायला लागतात, रोज बघावं लागतं बाई." मी तिथे उभी राहून हसले, त्यांना वाटलं मला आंबा हवाय.

तर कारण असं. पिकणारा आंबा इथिलीन नावाचा वायू सोडतो. तोच वायू शेजारच्या कच्च्या आंब्याला लागला की तो पिकायला लागतो आणि स्वतःही इथिलीन सोडतो, असं करत अख्खी अढी पिकते. आपल्या आज्यांना वायूचं नाव माहीत नव्हतं पण पेंढा, ऊब आणि बंद खोली कशासाठी ते पक्कं माहीत होतं. बाजारात आंबे पिकवायला कार्बाइडवर बंदी आहे आणि १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) इथिलीन वायू वापरायला परवानगी आहे, तो हाच वायू. आंब्याला जे पिकणं, ते कार्नेशनला म्हातारपण. कार्नेशन या वायूला फार हळवं, हवेत अगदी थोडा असला तरी पाकळ्या आत वळतात आणि एकदा वळल्या की परत उघडत नाहीत. इंग्रजीतही याला फूल झोपलं असंच म्हणतात. आणि आंब्यासारखंच कार्नेशनसुद्धा एकदा मिटायला लागलं की स्वतः इथिलीन सोडायला लागतं, म्हणजे एक झोपलं की ते बाकीच्यांना झोपवतं. सातच्या सात का गेली याचं उत्तर हे. जिप्सोलाही हा वायू बाधतो, म्हणून तो आक्रसला. शेवंतीच्या फुलाला याचं फारसं काही वाटत नाही, ती मजेत होती.

मला हे आधी अजिबात माहीत नव्हतं असं नाही, एका ट्रेनिंगमधे फळं आणि फुलं एका शीतगृहात ठेवू नका एवढं ऐकलं होतं, वहीत लिहिलंही होतं. पण ते शीतगृह म्हणून डोक्यात होतं, कुणाच्या दिवाणाखाली असेल असं नाही. नंतर वाचत बसले तर ही गोष्ट चांगलीच जुनी निघाली. पूर्वी रस्त्यावरचे दिवे कोळशाच्या गॅसवर चालायचे, पाइप गळायचे आणि जवळची झाडं बिघडायची. १९०१ मधे नेल्युबोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने वाटाण्याच्या रोपांवर दाखवून दिलं की त्या गॅसमधला खरा गुन्हेगार इथिलीन आहे. आणि १९०८ मधे शिकागोत क्रॉकर आणि नाइट या दोघांनी कार्नेशनवरच काम केलं, कारण तिथल्या फूल उत्पादकांची कार्नेशन्स गॅसमुळे मिटून जात होती आणि नुकसान होत होतं. म्हणजे शंभरावर वर्षांपूर्वी शिकागोतल्या हरितगृहात जे झालं तेच सहकारनगरच्या मागच्या खोलीत, फक्त गॅस पाइपच्या जागी देवगड हापूस.

यावर उपायही आहे. १९७८ च्या सुमारास सिल्व्हर थायोसल्फेट नावाचं चांदीचं द्रावण कार्नेशनला द्यायला सुरुवात झाली. काढणीनंतर देठ काही वेळ त्यात ठेवले की चांदी फुलात चढते आणि इथिलीन जिथे चिकटतं ती जागाच अडवते. असं केलेलं फूल आंब्याशेजारी बरंच तग धरतं. माझ्या बंचला ते दिलं होतं का, हे मी व्यापाऱ्याला विचारलं, तर पलीकडे क्षणभर शांतता आणि मग पुन्हा "माल एक नंबर होता ताई". माझा अंदाज, नव्हतं दिलेलं.

तरी मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, नाहीतर मुलाला काय सांगणार, तुमच्या आंब्याने आमची फुलं खाल्ली? ऐकायलाच बहाणा वाटतो. त्या बंचमधली तेरा कार्नेशन माझ्याकडे शिल्लक होती, चौथ्या दिवशीही टवटवीत, हाच अर्धा पुरावा होता खरंतर, शिळा माल असता तर माझ्याकडेही मिटला असता. दोन झाकणाच्या बादल्या घेतल्या. प्रत्येकीत एक पेला पाणी, त्यात दोन कार्नेशन आणि एक शेवंती. एका बादलीत पेल्याशेजारी दोन पिकलेले हापूस, दुसरीत काही नाही. संध्याकाळी पाचला झाकणं लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आंब्याच्या बादलीत दोन्ही कार्नेशनची कड आत वळायला लागलेली, नखाएवढी, पण स्पष्ट. संध्याकाळपर्यंत पुरचुंडी. शेवंती जशीच्या तशी. दुसऱ्या बादलीत तिघंही मजेत. दोन बादल्या म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, पण फोटो काढले, वेळ टाकून मुलाला पाठवले, आणि त्याचा रिप्लाय आला, "आईला सांगू नका प्लीज, तिला वाईट वाटेल, तिने जपूनच ठेवली होती."

पण काकूंना कळलंच होतं, मीच तिथे उभी राहून सांगून बसले होते. त्या म्हणाल्या मग आमचीच चूक की ग. हे मला अजिबात पटलं नाही आणि आजही पटत नाही. भेट घेणाऱ्या माणसाला इथिलीन माहीत असायला हवं का? त्यांनी फुलं गार खोलीत ठेवली, वेळेवर पाणी घातलं, चिठ्ठीत जे होतं ते सगळं केलं. चिठ्ठीत आंब्याबद्दल अक्षर नव्हतं. मे महिन्यात, पुण्यात, पन्नास वर्षं संसार केलेल्या मराठी घरात कार्नेशनची परडी पाठवतेय आणि त्या घरात आंबे असणारच हे मला सुचू नये, ही चूक माझी. गिऱ्हाइकाचा रंग कुठला, भिंत कुठली, हॉलमधे ट्यूबलाइट आहे की पिवळा दिवा (पिवळ्या दिव्यात फिकट जांभळा करडा दिसतो, म्हणून हे मी खरंच विचारते), एवढं सगळं विचारलं आणि परडी रात्री कुठे झोपणार हे विचारलं नाही.

पैशाचं असं ठरलं की दुसरी परडी मी करून देणार, मजुरी नाही, फक्त फुलांचे पैसे. मुलगा पूर्ण द्यायला तयार होता, मी नको म्हणाले, तो नाही म्हणाला, शेवटी चारशे ऐंशी रुपयांवर मिटलं.

दुसऱ्या परडीत कार्नेशन नाही, जिप्सो नाही. पीच गुलाब तेच. शेवंती वाढवली, मोतिया आणि एक फिकट पोपटी. ॲस्टर या वेळी फिकट गुलाबी, गडद तीनच फुलं. लिसिअँथसच्या दोन फांद्या, रंगासाठी. आणि गुलछडी. गुलछडी मी बुके-परडीत शक्यतो टाळायचे, लोकांना हार आठवतो, पण पहिल्या परडीबद्दल काकांनी जाताजाता एक वाक्य टाकलं होतं, "दिसायला झकास, पण वास कसलाच नाही हो." ते डोक्यात राहिलं होतं. रंग बघितला तर गुलछडी अस्सल पेस्टल, मोतिया पांढरी आणि कळीच्या टोकाला गुलाबी छटा, आणि ती आपल्याच मातीत येते. उंच काड्या अर्ध्यावर कापल्या, तेव्हा कुठे छोट्या परडीत बसल्या.

फोमही या वेळी वापरला नाही. त्याचा या प्रकरणाशी थेट संबंध नाही, पण बरेच दिवस मनात होतं. १९५४ मधे अमेरिकेत व्हर्नन स्मिथर्सने काढलेली ही वस्तू, सोय म्हणून तिला तोड नाही, पण शेवटी ते प्लास्टिकच, चुरा होऊन नाल्यात जातं आणि तिथेच राहतं. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत फोम बंद केला. मी परडीत एक स्टीलचा वाडगा बसवला, त्यात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी चुरगळून कोंबली, आणि देठ जाळीत अडकवले. वेळ दुप्पट लागला आणि पहिली दोन फुलं तीनदा लोळली, पण पाणी दिसतं, बदलता येतं, आणि परडी नंतर रिकामी करून वापरता येते. स्कूटरवर नेताना मात्र पाणी हिंदकळतं, निम्मं पाणी काढून नेलं आणि तिथे जाऊन भरलं.

काकूंनी दार उघडलं तेव्हा त्या गजरा करत होत्या, मोगऱ्याचे दिवस. परडी बघितली, फुलांना हात न लावता सगळीकडून वाकून बघितली (शिकल्या होत्या), आणि मग उरलेला वीतभर गजरा परडीच्या दांडीला गुंडाळून टाकला. मला विचारलंसुद्धा नाही. माझ्या हिशोबाने रंगसंगतीत तो पांढरा जरा जास्त झाला, पण काका आतून आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हां, आता आली फुलं घरात."

ही परडी हॉलमधेच राहिली, पंख्याच्या थेट वाऱ्यापासून लांब. गुलाब चौथ्या दिवशी काढावे लागले. गुलछडी खालून वर एकेक फूल उमलत सहा दिवस गेली, शेवंती नवव्या दिवशीही होती, काकू रोज फोटो पाठवायच्या. मग परडी धुऊन देवघरात गेली, सकाळी पूजेची फुलं काढायला.

माझ्या चिठ्ठीत आता पाण्याच्या ओळीखाली अजून एक ओळ असते, एप्रिलपासून जूनपर्यंत लाल शाईत: आंबे, केळी, चिकू असलेल्या खोलीत ठेवू नका. मे महिन्याच्या ऑर्डरींत कार्नेशन मी एकदम बंद नाही केलं, पण घेण्याआधी फोनवर विचारते, "काकू, घरात अढी लावलीय का?" समोरच्या माणसाला वाटतं मी आंबे विकतेय. दोघींनी तर भाव विचारला.

दुसरी परडी देऊन निघताना काकूंनी डझनभर हापूस पिशवीत घालून दिले, नाही म्हणायची सोय नव्हती. घरी आले, पिशवी नेहमीसारखी न्हाणीघराबाहेर ठेवली, आणि हात धुताना लक्षात आलं की आत बादलीत उद्याच्या बारशासाठी चाळीस कार्नेशन उभी आहेत. तशीच ओल्या हाताने पिशवी उचलून गॅलरीत नेऊन टांगली. नवरा बघत होता, म्हणाला, आंबे काय बाहेर काढतेस, कावळे येतील. म्हणलं येऊ देत.